दौंडच्या खिडकीपुढची चपलांची रांग

कामं भल्या पहाटे उरकावीत, हे आमच्या आईचं ठाम मत. दळण, रॉकेल, भाजी, सगळं लोक जागे व्हायच्या आत. सणसवाडीच्या कंपनीत आठवडाभर राबून रविवारी लोळणाऱ्या माझ्यासारखीला ते मत अजिबात मान्य नव्हतं. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं होतं, सोबतीला मी. गुडघे कामातून गेलेले, म्हणजे रेल्वेत खालचाच बर्थ हवा. तो नाही मिळाला तर नागपूर रद्द. तिकिटं मोबाइलवर मिळायचे दिवस नव्हते, म्हणून आम्ही मायलेकी शिरूरहून अंधारातच निघालो.

पहिल्या एसटीचा फायदा मात्र कबूल करते. बसायला जागा मिळते. डावीकडची खिडकी धरा, न्हावऱ्याच्या पुढं उसावर उजाडताना दिसतं. पारगावला भीमेचा पूल आला तशी आईनं हात जोडले. नदीला की बाबासाहेबांना, कळलं नाही. चौफुल्याला उतरून गरम भजी खाल्ली (स्वस्त आणि झणझणीत, जरूर खा), मग वडापच्या जीपमध्ये अंग चोरून दौंड.

रिझर्व्हेशनची खिडकी बंद, समोर चिटपाखरू नाही. मी खूश! पण फरशीवर एका ओळीत एक पिशवी, एक वीट, तांबडी चप्पल, दगड, पाण्याची बाटली, मग चार-पाच चपला, असलं काहीबाही मांडलेलं. म्हटलं, ही कसली पूजा? मी सरळ पिशवीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"ओ ताई, मागं!" चहाच्या टपरीवरून एक धोतरवाले आबा ओरडले. "ती पिशवी म्हंजी मी हाय. वीट म्हंजी खुटबावचे मामा. तुमी बी कायतरी ठिवा आन् चहा प्यायला या."

माझं डोकंच चालेना. एवढ्या पहाटे निघून आम्ही विटेच्या मागं? मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेले, एक चप्पल काढली. म्हटलं, "आई, तू बाकावर बस."

"घाल पायात," आई म्हणाली. आवाज असा की मी दचकले.

"अगं, सगळ्यांच्याच आहेत."

"सगळ्यांच्या आसतील. माझा बाप गावात शिरताना चपला हातात घ्यायचा, समोर कुणी येऊ न येऊ. मी चप्पल काढून न्हाई ठेवायची. मी सोताच उभी ऱ्हानार."

"मग मी उभी राहते."

"नागपूरचं कुनी ठरवलं? मी ना?"

झालं. दगड, वीट आणि बाटलीच्या मागं माझी आई ताठ उभी. टपरीवरचे लोक बघत होते. मला तिचा राग येत होता, लाजही वाटत होती, आणि का ते कळत नव्हतं.

तेवढ्यात मनमाडकडची गाडी आली. बोचकी घेतलेली माणसं रिक्षासाठी धावत सुटली आणि रांगेचा पार चुथडा झाला. वीट कोपऱ्यात, तांबडी चप्पल दाराशी. टपरीवरून सगळे धावले आणि जो तो म्हणे मीच पुढं! खिडकी उघडायची वेळ झालेली, हमरीतुमरी सुरू.

आबांचं लक्ष आईकडं गेलं. "थांबा रं! ह्या आक्का इथंच हुत्या. आक्का, सांगा बरं कोन कुठं हुतं?"

माझ्या मनात पाप आलं. म्हण ना, मी पहिली! जागेवर माणूस म्हणून तर ती एकटीच होती.

आई म्हणाली, "पयली पिशवी. मग वीट. मग तांबडी चप्पल, दगड, पान्याची बाटली..." एकेकाला तिनं नीट लावलं. "आन् शेवटाला मी."

"तुमी व्हा की पुढं, आक्का," आबा ओशाळून म्हणाले.

"नगं. माझा नंबर हाय की मला."

एकेक माणूस खिडकीशी जात होता आणि माझा जीव टांगणीला. आमची पाळी आली. आतला बाबू कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एक खालचा आहे. दुसरा वरचा चालेल?" मी पैसे आत सरकवले. डोळे भरून आले होते.

संध्याकाळी शिरूरला तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. सकाळपासून गोंधळलेलं डोकं अजून ताळ्यावर नव्हतं. शेवटी विचारलंच, "काय गं, एवढ्या पहाटे जाऊन नंबर शेवटचाच. फायदा काय झाला?"

"उभं ऱ्हायला मिळालं की," आई म्हणाली, आणि दुसरा गुडघा पुढं केला.