माझ्या उंचीच्या तीनशे ट्रॉल्या

विमानतळावर येणारी सगळी माणसं माझ्याएवढीच उंच असतात असं मी एकदा धरून चालले, आणि त्या मापाने तीनशे ट्रॉल्या बनवायला सांगितल्या. माझी उंची चार फूट नऊ इंच. तीही अंबाडा वर बांधला तर.

ट्रॉली म्हणजे सामान ठेवून ढकलायची. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सातारा-सांगलीकडे ट्रॉली म्हटलं की ट्रॅक्टरमागची उसाची डोळ्यांपुढे येते. तीनशे उसाच्या ट्रॉल्या घेऊन ही बाई विमानतळावर काय करत होती, असं कुणाला वाटायला नको.

विमानतळ चालवणाऱ्या एका सरकारी प्राधिकरणात मी भांडारातली कारकून म्हणून लागले आणि पुरवठा साखळी विभागाची प्रमुख म्हणून बाहेर पडले. धावपट्टीच्या दिव्यांपासून संडासातल्या कागदापर्यंत जे लागेल ते, लागेल तिथे, लागेल तेव्हा हजर ठेवायचं, हे माझं काम. वस्तू जागेवर असली तर कुणाच्या ध्यानात येत नाही. नसली की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माझा नंबर पाठ. परवा नातीने विचारलं, "आजी, तू तिथे नेमकं काय करायचीस?" मी म्हटलं, "येतंय येतंय म्हणून सांगायचे." त्या नोकरीचा शीण अजून अंगातून गेलेला नाही. दुपारी साताऱ्याच्या घरात जरा डोळा लागला की स्वप्नात कुणीतरी येतं आणि विचारतं, मॅडम, आग विझवायचा फोम कुठवर आलाय?

तर त्या ट्रॉल्या. मी नुकतीच प्रमुख झाले होते. दारावर नवी पाटी, पाटीखाली मी. पन्नाशी उलटलेली, म्हणजे तरुण म्हणता येणार नाही. पण अक्कल त्या वयातही बरीच यायची होती, म्हणून त्या वेळच्या मला मी तरुणच म्हणते. नव्या टर्मिनलसाठी ट्रॉल्यांचं टेंडर निघालं आणि ते काम कुपवाडच्या एका लहानशा शेडला मिळालं. कुपवाड म्हणजे सांगलीची औद्योगिक वसाहत. तिथे असल्या शेडा रांगेने आहेत. या शेडचा मालक सांगलीकडचा जैन गृहस्थ, सगळे त्याला अण्णा म्हणत. हाताखाली अठरा माणसं, आणि त्या सगळ्यांवर एक मिस्त्री. तो रोज पलूसहून मोटरसायकलवर यायचा आणि अण्णांशी सुद्धा गाडीवरून न उतरता बोलायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पुरवठादाराने आधी एक नमुना बनवायचा. तो आमच्या माणसाने तपासायचा, पसंत पडला की तार ओवून त्याला शिशाचं सील ठोकायचं, सहीची चिठ्ठी बांधायची आणि तो आमच्या भांडारात नेऊन ठेवायचा. पुढे सगळा माल त्या नमुन्याशी ताडून बघायचा. ऑर्डरीत एक कलमही असतं, नकाशात, म्हणजे ड्रॉइंगात, आणि सीलबंद नमुन्यात फरक पडला तर नमुना खरा. हे कलम मीच एका जुन्या भांडणानंतर घातलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

नमुना बघायला खरं तर हाताखालचा माणूस जातो. पण नवी पाटी गप्प बसू देते होय? मी स्वतः गेले. ट्रॉली चकचकीत होती. दांडा खाली दाबला की ब्रेक सुटतो, सोडला की लागतो. मी दाबायला गेले तर कोपरं खांद्यापर्यंत वर आली. अक्षरशः लोंबकळले.

"दांडा उंच आहे," मी म्हणाले.

मिस्त्री म्हणाला, "आवं बाई, ड्रॉइंगात चाळीस इंच हाय. चाळीसच केलाय."

"ड्रॉइंग काढणारे खुर्चीत बसून काढतात. मी उभी राहून सांगतेय. आठ इंच खाली घ्या."

"आठ? लय खाली जातंय, बाई."

अण्णा हळूच म्हणाले, "मॅडम, एक डाव उंच माणसाकडनं ढकलून बघूया का?"

"अण्णा, तुम्ही ट्रॉल्या किती वर्षं करताय?"

"ही पहिलीच."

"मग झालं तर."

आणि मी तरी कुठे केल्या होत्या! पण हे विचारायचं धाडस त्या शेडमध्ये कुणाकडे नव्हतं आणि माझ्याकडे तर नव्हतंच. तासाभरात पाइप कापून, वेल्डिंग करून दांडा खाली आला. मी पदर खोचून शेडभर ट्रॉली फिरवली. लोण्यासारखी पळाली. सील ठोकलं, सही केली, ट्रॉली टेंपोत चढवली. ती चढवण्याआधी मिस्त्री एक लाकडी पट्टी तिच्याशेजारी उभी धरून दांड्याच्या जागी तांबड्या रंगाची खूण करून घेत होता. नमुना तर आम्ही घेऊन चाललो होतो, पुढच्या तीनशेंना माप नको का? मी तिकडे बघितलंही नाही.

पुढे दोनशे ट्रॉल्या टर्मिनलवर पोचल्या, शंभर शेडमध्ये तयार होत होत्या. उद्घाटनाआधी मोठे साहेब पाहणीला आले. साहेब सहा फूट. फोटोवाला समोर, आणि साहेबांना हौस आली ट्रॉली ढकलायची. दांडा दाबायला ते जे वाकले ते वाकतच गेले. दोन पावलं टाकली आणि गुडघा ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पाइपावर ठाणकन आपटला. फोटो मात्र चांगला आला.

"ह्या कुणाच्या मापाच्या बनवल्यात?" गुडघा चोळत साहेबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी मुद्दाम बघितलं नसेल, पण त्या घोळक्यात मापाला बसेल अशी मीच होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कारखान्याची चूक आहे, सर. नकाशाप्रमाणे नाहीत."

बोलून गेले. मग ते वाक्य परत घ्यायला एक अख्खा दिवस होता, पण घेतलं नाही. साहेब म्हणाले, माल परत करा आणि त्यांना काळ्या यादीत टाका. संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

"मॅडम, तुमी सांगितलं तसंच केलं की आमी."

मी विचारलं, "लेखी आहे का?"

मग अण्णा म्हणाले, "न्हाई." आणि फोन ठेवला. नमुना माझ्या भांडारात, कुलपात, गोणपाटाखाली. त्याची किल्ली माझ्याकडे. अण्णांच्या हातात काहीच नव्हतं.

काळ्या यादीत टाकण्याआधी पुरवठादाराचं म्हणणं ऐकून अहवाल लिहावा लागतो. तो लिहायला दुसऱ्या कुणाला पाठवायची मला भीती वाटली, म्हणून पुन्हा मीच कुपवाडला गेले. दुपार कलली होती. शेडच्या दारापाशी पोचले तर आतून आवाज आला, "अरं, मॅडमला हिकडं आण!"

मला वाटलं, आपल्याला बघितलं.

"सरळ धर रं मॅडमला! वाकडी धरलीस तर माप चुकंल."

मी दारातच थांबले. आत मिस्त्री ती लाकडी पट्टी राहिलेल्या शंभर ट्रॉल्यांना एकेक करून लावून घेत होता. तांबड्या खुणेच्या वर रंगानेच लिहिलं होतं, मॅडम. पट्टी धरणाऱ्या पोऱ्याशा वेल्डरने मला पाहिलं, जीभ चावली आणि पट्टी हळूच खाली घेतली. मला हसू आलं होतं, पण तिथे हसायची सोय राहिली नव्हती.

"काय करताय?" मी विचारलं.

"मोजतोय," मिस्त्री म्हणाला. "म्हटलं, आपलंच काय चुकलं आसंल. एकबी हिकडंतिकडं न्हाई, बाई. तुमी हुब्या ऱ्हावा बघू हितं." मी पट्टीशेजारी उभी राहिले. तांबडी खूण बरोबर माझ्या कोपराखाली आली. मिस्त्री खुणेकडे बघून म्हणाला, "काळ्या यादीत गेलं की सरकारी काम बंद. ह्या शेडात दुसरं काम न्हाई. दिवाळीआधी अठरा माणसं घरला. अण्णा बोलायचं न्हाईत, म्हणून मी बोलतोय."

अण्णा आतल्या टेबलाशी होते. टेबलावर त्यांचा डबा, न उघडलेला. मी समोर बसले आणि अहवालाचे छापील प्रश्न विचारायला लागले. नकाशा कधी मिळाला? पाइप कुठून घेतला? तपासणी कुणी केली? अण्णा शांतपणे उत्तरं देत होते आणि अधूनमधून दाराबाहेर उन्हाकडे बघत होते. मला वाटलं, टाळाटाळ चाललीय. म्हणून मी आणखी प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा बाहेर सूर्य बुडाला होता. अण्णांनी डबा उचलला आणि तसाच पिशवीत घातला.

"जेवला नाहीत?"

"दिवस मावळला, मॅडम. आता उद्या." आणि मग मलाच म्हणाले, "तुमच्यासाठी चहा सांगू?"

कुपवाडला येण्याआधी काय लिहायचं ते मी ठरवून आले होते. त्या बंद डब्याकडे बघताना ते जमेना झालं.

रात्री सांगलीत मुक्काम केला आणि सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला घरी निघाले. रस्त्याभर वडील आठवत होते. आम्ही मूळचे वडूजकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे. वडील घरातल्या प्रत्येकाला वेगळी काठी तोडून द्यायचे, ज्याच्या त्याच्या कानाच्या पाळीपर्यंत. मी थोरल्या भावाची काठी पळवली की म्हणायचे, "आगं, ती त्याच्या मापाची हाय. तुला घिऊन पडंल." शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला जे ठाऊक होतं ते मी प्रमुख होऊन विसरले होते. कराडच्या पुढे कुठेतरी मी पिशवीतून अहवालाचा कागद काढला आणि मांडीवर ठेवून लिहिलं. नमुन्यातल्या दांड्याची उंची माझ्या तोंडी सूचनेवरून आठ इंचांनी कमी केली. पुरवठादाराने आणि त्याच्या मिस्त्रीने शंका घेतली होती, ती मी ऐकली नाही. सीलबंद नमुना भांडारात आहे, बघून घ्यावा. गाडी हलत होती, त्यामुळे अक्षर माझं वाटत नव्हतं. सही मात्र माझीच.

ऑफिसात साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"हे लिहिलं नसतंत तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"इथे चाललं असतं, सर. कुपवाडला नसतं चाललं."

"पुढची खुर्ची तुमची होती. आता ती मला तुमच्यासाठी मागता येणार नाही."

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन फोमच्या फायली काढल्या. कुणी शाबासकी दिली नाही, आणि द्यावी असं काही घडलंही नव्हतं. स्वतः सांडलेलं स्वतः पुसलं, तेही उशिरा. वरची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. मी आहे त्याच पाटीखाली निवृत्त होईपर्यंत येतंय येतंय म्हणत राहिले.

काळ्या यादीचं पत्र फाडलं गेलं. दोनशे ट्रॉल्या दांडे बदलायला कुपवाडला परत गेल्या, आणि उद्घाटनाला आम्ही दुसऱ्या विमानतळावरच्या जुन्या ट्रॉल्या उसन्या आणल्या. त्यांची चाकं इतकी करकरत होती की भाषण कुणाला ऐकू आलं नाही.

दुरुस्त माल पास करायला मी तिसऱ्यांदा शेडमध्ये गेले. या वेळी टेंपोचा उंच ड्रायव्हर, अण्णांच्या घरच्या काकी आणि दारावरून चाललेला एक पेन्शनर, सगळ्यांना ट्रॉली ढकलायला लावली. मी एका बाजूला स्टुलावर बसले आणि तोंड उघडलं नाही. सकाळची वेळ होती. अण्णा भरल्या पोटाने खुशीत होते, पण माझ्याशी बोलताना अजून जपून बोलत होते. ते साहजिक होतं. "लेखी आहे का" हे मी त्यांना विचारलं होतं, आणि ते काही कुठल्या अहवालाने पुसलं जाणार नव्हतं.

निघताना मिस्त्री गाडीपर्यंत आला. हातात ती लाकडी पट्टी, तांबडी खूण आणि नाव तसंच. खिडकीतून ती माझ्या मांडीवर आडवी ठेवत म्हणाला, "ही तुमची मॅडम तुमी घिऊन जावा, बाई. आमी नवीन केलीया. जरा उंच हाय, पर गप हुबी ऱ्हाती."