आत किती, बाहेर किती

सृष्टी निर्माण झाली त्या दिवशी आमच्या मॅडम तिथे असत्या, तर ती अजून छापायला गेली नसती. सूर्य-चंद्र जागच्या जागी आहेत, समुद्राला चारही बाजूंनी समास नीट सोडलाय, असं कुणी कितीही सांगितलं असतं, तरी चष्मा कपाळावर सरकवून मॅडमनी एवढंच विचारलं असतं, "ते ठीक हाय. आत किती गेले, बाहेर किती आले?" आणि उत्तर मिळेपर्यंत देवाला दाराबाहेरच्या स्टुलावर बसवून ठेवलं असतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या तळमजल्यावर. त्या दिवसांत गावात घरांपेक्षा क्लासचे फलक जास्त झाले होते आणि फलकांवरच्या गुणवंतांचे चेहरे आम्हाला नातेवाइकांपेक्षा ओळखीचे होते. पार नांदेडकडून, उमरीकडून मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची आणि खोली शोधत फिरायची. मी नुकतीच इंजिनिअरिंग संपवून तिथल्या कंप्युटर विभागात लागले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव घुमा. सुरुवातीचे दिवस मी 'येस मॅडम' आणि 'नो मॅडम' या दोन वाक्यांवर काढले. मॅडम विभागाच्या प्रमुख होत्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी., कॉलेजातली नोकरी प्राचार्यांशी भांडून सोडलेली, आणि ते भांडण त्या पदवीच्या आधी सांगायच्या. माझं नाव त्यांनी एकदाच विचारलं, माझ्या पुटपुटण्यातून त्यांना ते कळलं नाही, आणि त्यांनी मला 'कॉन्व्हेंट' म्हणायला सुरुवात केली. "ए कॉन्व्हेंट, मिठाची गुळणी धरून काय बसलीस? एरर आलाय तर ओरड की. तो काय पाहुणा हाय का, हळू बोलायला?"

आमचं काम सांगायला सोपं होतं. विद्यार्थ्यांची माहिती एक्सएमएल नावाच्या प्रकारच्या फाइलीत असायची. म्हणजे माणसांना रांगेत उभं करून प्रत्येकाच्या छातीवर 'हे नाव', 'हे गाव', 'ही जन्मतारीख' अशा चिठ्ठ्या लावायच्या. नटवणं-सजवणं काही नाही. मग पुण्याच्या एका माणसाने करून दिलेला साचा त्या रांगेवरून फिरायचा आणि दुसऱ्या टोकाला पीडीएफ बाहेर पडायची. चौकटी, ठसठशीत अक्षरं, कोपऱ्यात क्लासचं बोधचिन्ह, जणू तीच माणसं इस्त्रीचे कपडे घालून फोटोला बसलीत. हॉलतिकिटं, प्रश्नपत्रिका, निकाल, सगळं याच वाटेने जायचं आणि वाटेत रोज काहीतरी अडायचं. एकदा पीडीएफ निघेचना. शोधता शोधता कळलं, की एका मुलाच्या पत्त्यात वडिलांच्या किराणा दुकानाचं नाव होतं आणि त्यात 'अँड' ऐवजी ते वेटोळं चिन्ह. एक्सएमएलला ते तसं उघडं चालत नाही. घासात खडा लागावा तशी ती अख्खी फाइल थुंकून टाकते. मॅडम मॉनिटरसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "केवढा रे तू नाजूक! किराणा दुकानानं दुखावलास! आणि म्हणे जगभर चालतो."

दुसऱ्या खेपेला शिरूर अनंतपाळची वेलांटी 'श'ला सोडून पलीकडे जाऊन बसली. क्लासचे मालक, म्हणजे सर, घाईत होते. ते कायमच घाईत असत. "मॅडम, तयार पीडीएफमध्येच हाताने दुरुस्त करून टाका ना." मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच खुर्चीत लहान झाले. "आरशातल्या तोंडाला पावडर लावून काय होतंय सर? खोट जिथं हाय तिथंच हात घालायचा. पीडीएफला मी बोट लावणार न्हाई." देवनागरी नीट उमटवणं त्या साच्याला काही जमेना, म्हणून शेवटी हॉलतिकिटं इंग्रजी अक्षरांत काढायचं ठरलं. जागा पुरावी म्हणून अर्जावरच वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर मागायचं. मॅडमना ते मुळीच आवडलं नाही. "बाप एका अक्षरावर आला," असं त्या दिवसभर म्हणत होत्या.

त्यांच्या टेबलावर एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला असे, त्यावर दुसरा पेला, त्यावर वाटी. भूकंप होऊन गेल्यावर आमच्याकडे घरोघर लोक अशी भांडी रचून झोपत. जमीन हलली की भांडी पडतात आणि जाग येते. पुढे बाकीच्यांची भांडी स्वयंपाकघरात परत गेली, मॅडमची मात्र ऑफिसात आली. खुर्ची दाराशी, वरच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही, आणि चप्पल कायम पायात. मोठा प्रिंटर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा वाटी खणकन पडली आणि मॅडमनी सगळ्या विभागाला हाताला धरून रस्त्यावर काढलं. त्यांचा आवाज ऐकून वरचे वर्गही आनंदाने खाली धावले. त्या दिवशी केमिस्ट्रीची टेस्ट होती. भर रस्त्यात रिक्षावाले हॉर्न वाजवत असताना मॅडम बोट दाखवून एकेकाला मोजत होत्या. सर लाल झाले होते. "मॅडम, प्रिंटर होता तो!" "हाव, माहीत झालं आता. पण मोजून होऊ द्या." दुसऱ्या दिवशी भांडी हलली नाहीत, प्रिंटर पलीकडच्या खोलीत हलला.

मी एकदाच धीर करून विचारलं, की प्रत्येक गोष्ट अशी मोजायची सवय कशी लागली. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. "भूकंपाच्या वेळेला मी निलंग्याकडं एका गावात शाळेवर होते. त्या पहाटे घरासमोर उभी राहून मी हेच विचारून राहिले होते. आत किती होते, बाहेर किती आले?" मग शेंगांचा कागद माझ्याकडे ढकलला. "खा. भाजलेल्या हायेत." पुढचं विचारण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं आणि शेंगा खरंच चांगल्या भाजल्या होत्या.

त्या वर्षी क्लासने गरीब मुलांसाठी मोफत बॅच काढली. त्यासाठी रविवारी निवड चाचणी होती आणि सरांनी पेपरात छापून आणलं होतं: भिंतीवरच्या यादीत नाव बघून फाटकावर हॉलतिकीट घ्यायचं; ते नसेल त्याला आत प्रवेश नाही. एकाच मुलाने दोनदा भरलेले अर्ज आम्ही फोन करून करून आधीच काढून टाकले होते. शुक्रवारी मी साचा चालवला. हॉलतिकिटं सुरेख निघाली. मॅडमनी चष्मा कपाळावर नेला. मी मोजलं, त्यांनी मोजलं, मशीनने मोजलं. बाहेर एक कमी होता.

सर म्हणाले, "एकच ना? तो पोरगा आला की हाताने लिहून देऊ." मॅडम म्हणाल्या, "तो येणार न्हाई सर. खेड्यातलं पोर. भिंतीवर आपलं नाव न्हाई दिसलं तर भांडत न्हाई ते. गप फिरतं आणि एसटीत बसतं. हजार लेकरांची मला काळजी न्हाई, ती आत हायेत. हे एक कुठाय?" "मग प्रेस थांबवायची एका पोरासाठी?" "थांबवलीय."

आम्ही फाइलीचे दोन तुकडे केले. ज्या तुकड्यात एक कमी येईल, त्याचे पुन्हा दोन तुकडे, असं करत हरवलेल्यापर्यंत पोचायचं. दोन्ही तुकडे चालवले, तर दोन्ही पूर्ण! बेरीज बरोबर. पुन्हा जोडले, तर पुन्हा एक गायब. मॅडमच्या हातातली शेंग हातातच राहिली. वेगळे केले की सगळे येतात, एकत्र केले की एक जातो. बराच वेळ त्या वाटीकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे कुणी हरवलेलं न्हाई गं. कुणीतरी कुणाच्यातरी मागं लपलंय."

मी पुण्याच्या साच्याची एकेक ओळ वाचू लागले आणि मध्येच एक नियम सापडला. नाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर तो एकच माणूस धरावा आणि दुसरी नोंद न बोलता गाळावी. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "जन्मतारीख! पुण्यात बसून जन्मतारखेवर विश्वास ठेवला या शहाण्यानं! अगं, आपल्याकडं शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारतात, कधीचा जन्म? बाप म्हणतो, काय की. मास्तर लिहितात, एक जून. अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलाय. मीसुद्धा!" आम्ही एक जूनची मुलं बाजूला काढली तर फाइल जवळजवळ रिकामी झाली. आणि त्यांच्यात त्या दोघी होत्या. एकाच गावच्या, 'चांगुणा डी. माने' आणि 'चांगुणा डी. माने'.

सर हसले. "मॅडम, आजच्या काळात चांगुणा नावाची एक पोरगी सापडणं मुश्कील, तुम्ही दोन काढल्यात! एकीनंच दोनदा अर्ज भरलाय. फोन नंबरसुद्धा एकच आहे." तो नंबर गावातल्या दुकानाचा होता आणि तिथे कुणी उचलत नव्हतं. मॅडमनी साच्यातून तो नियम काढायला मला सांगितलं. सर म्हणाले, हात लावायचा नाही, पुढच्या वेळी सगळे डबल अर्ज आत घुसतील. "घुसू द्या. दोन तिकिटं निघाली तर एक फाडता येतं. एकसुद्धा निघालं न्हाई तर काय फाडता?" आवाज वाढले. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. रविवारी एकच चांगुणा आली, तर सोमवारपासून तुम्ही येऊ नका." मॅडमची पापणीसुद्धा लवली नाही. "आणि दोघी आल्या, तर प्रत्येक छपाईच्या आधी तुम्ही इथं येऊन मोजायचं. आमच्याबरोबर. चहा मी पाजते."

मॅडम पाणी प्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात सर माझ्या टेबलाशी आले. "तू शहाणी मुलगी आहेस. जुनीच फाइल पाठव प्रेसला. त्यांना मी बघतो." मी आयुष्यात कुणाला नाही म्हणाले नव्हते, शाळेत बाईंनी दुसऱ्याच मुलीच्या चुकीसाठी उभं केलं, तरी मी उभी राहायचे. मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. "नाही सर," मी म्हणाले. "त्यात एक कमी आहे." आवाज माझाच होता, पण बराच मोठा निघाला. दारात मॅडम तांब्या घेऊन उभ्या होत्या. "ऐकलं का? कॉन्व्हेंट बोलली," त्या म्हणाल्या आणि मला पाणी दिलं.

रविवारी फाटकावर मॅडम पहाऱ्याला बसल्यासारख्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. सर येरझाऱ्या घालत होते. मी दोन्ही तिकिटं हातात धरून उभी होते. एक चांगुणा आली. उंच, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिने एक तिकीट घेतलं आणि आत गेली नाही, तिथेच घुटमळली. सर म्हणाले, "चला मॅडम, झालं." मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मुलीला विचारलं, "का गं, आत का जाईना गेलीस?"

"ती चप्पल तुटली म्हणून मागं राहिली, मॅडम. येऊन राहिली."

"कोण ती?"

"चांगुणा."

मला आजवर कुठलंही नाव इतकं गोड वाटलं नाही. दुसरी चांगुणा हातात चप्पल घेऊन, बुटकी, धापा टाकत आली. चुलत बहिणी होत्या. एकीचे वडील दत्तू, दुसरीचे ज्ञानोबा, इंग्रजीत दोघेही 'डी'. मॅडमनी दोघींना जवळ ओढलं. "दोघींना एकच नाव कसं ठेवलं गं?" बुटकी म्हणाली, "आजीचं हाय. आमच्या जन्माच्या आदी आजी भूकंपात गेली. मोठे बाबा म्हनले माझ्या पोरीला ठेवणार, आमचे बाबा म्हनले माझ्या. कुणीच ऐकंना." दोघींच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी त्यांना फाटकातून आत लोटलं आणि सरांकडे वळल्या. "मोजा." सरांनी, खरंच सांगते, बोटाने मोजलं. "दोन." पुढे कितीतरी दिवस ते छपाईआधी तळमजल्यावर येऊन कुरकुरत मोजत आणि मॅडमचा चहा दोनदा मागत.

आता मी पुण्यात आहे, सातव्या मजल्यावर. मॅडम नांदेडला मुलाकडे असतात. तळमजला मिळेपर्यंत त्यांनी मुलाला घर घेऊ दिलं नाही. दर एक जूनला मी त्यांना फोन करते आणि त्या दर वेळी खेकसतात, "अगं, अर्ध्या जिल्ह्याला लाव की फोन, मलाच काय?" या वर्षी मी विचारलं, "मॅडम, पण तुमचा खरा वाढदिवस कधी असतो?"

पलीकडे शेंग फुटल्याचा आवाज आला.

"आई सांगायची, उडीद निघून राहिले होते तेव्हाचा. कुठला दिवस ते तिलाच ठाऊक. भूकंपाच्या वर्षी ती गणपती बघायला माझ्याकडं आली होती. म्हटलं, विसर्जन झालं की निवांत विचारीन." पुन्हा एक शेंग फुटली. "बाहेर एक कमी आला ना गं."

माझ्या टेबलावर उपड्या पेल्यावर पेला आणि वर वाटी आहे. शेजारचे हसतात, मी हलवत नाही. फोन तसाच कानाला होता.

"कॉन्व्हेंट? हायेस ना?"

"आहे मॅडम," मी म्हणाले. "आहे."