आधी आम्ही, मग जेसीबी

जुन्या इमारतींची चित्रं काढणाऱ्यांकडे चित्रांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. चित्राला उजेड लागतो, बसायला सावली लागते. किश्शाला काहीच लागत नाही. आमचा ग्रुप तिघांचा. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले ड्राफ्ट्समन सर, चाकणहून नाइट शिफ्ट करून तसाच येणारा सुमित, आणि मी. मागून कुणी नुसतं ‘ओ मॅडम’ म्हटलं तरी माझ्या हातातून ब्रश सुटतो! रविवारी निगडीहून बस पकडून आम्ही एका गावठाणात जातो. तिथं रस्ता रुंद होणार, म्हणजे जे उभं आहे ते फार दिवस राहणार नाही.

*

पहिल्याच रविवारी मी तिथल्या एका म्हाताऱ्या आप्पांच्या घरासमोर बसले. जाड सागवानी दार, पुढं ओटा. एक डोळा मिटून, हात ताठ धरून मी पेन्सिलीनं दाराची उंची मापत होते. आप्पा धावतच बाहेर आले.

“मॅडम, कुठवर जाणार आमचं?”

मी अशी दचकले की रंगाचं पाणी मांडीवर. सरांनी समजावलं, की हे मोजमाप चित्रासाठी आहे, रस्त्यासाठी नाही. आप्पांना काही पटलं नाही. त्यांच्या घराकडं इतकं निरखून बघणारा माणूस आजवर फक्त सर्व्हेवालाच आला होता.

*

मग आम्ही गावची वेस काढली. महिन्याच्या आत पडली. तालमीची भिंत काढली, तीही गेली. यात आमची करामत काही नव्हती. सर नोटिसा वाचूनच जागा ठरवायचे. पण गावाला दिसायचं एवढंच, की आधी आम्ही येतो, मग जेसीबी येतो. टपरीवाल्यानं एकदा आम्हाला फुकट चहा पाजला आणि हात जोडून टपरीकडं पाठ करून बसायला सांगितलं.

बसलो. काय करणार?

*

आप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र आमचा उपयोग सुचला. गावठाणामागं नवा टॉवर झालाय. त्याच्यापायीच रस्ता रुंद होतोय, अशी गावात बोलवा. काकूंनी स्वतः स्टूल आणून ठेवलं, खांदे धरून माझं तोंड टॉवरकडं फिरवलं.

“आमचं घर ऱ्हाऊ दे. ह्यो काढ. आन पार वरपातुर काढ, एक मजला सोडू नको.”

मी सगळे मजले काढले. टॉवर अजून उभा आहे.

*

आप्पांचं घर थंडीत गेलं. म्हणजे निम्मं गेलं. ओटा आणि पुढची खोली रस्त्यात. मागचं उरलं, त्याच्या उघड्या बाजूला पत्रे ठोकलेले. आत जायची वाट आता मागच्या बोळातून. आम्ही पलीकडच्या कडेनं गुपचूप निघालो होतो, सर तर मान खाली घालून. आप्पांनी हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी ऑइलपेंटचे डबे पुढं केले. पत्र्यावर दार काढून पाहिजे होतं. होतं तसं, होतं तेवढं.

सुमितनं उंची विचारली. आप्पा पत्र्याला पाठ लावून उभे राहिले आणि हात कपाळाशी आडवा धरला. इथं चौकट, म्हणाले, आयुष्यभर वाकून जात आलो.

मी कडी काढायला घेतली तशा काकू म्हणाल्या, “लावलेलं नको, पोरी. दिवसा आमचं दार उघडंच असतंय.”

“मग आत काय दाखवू?”

मागून डंपर गेला, माझा ब्रश पडला. मग आप्पा डावीकडून सांगायला लागले. “फळी. फळीवर पितळंचा डबा. खाली पोराची सायकल...”

संध्याकाळपर्यंत ते सांगत होते, आम्ही तिघं काढत होतो.

पुढच्या रविवारी गेलो तर पत्र्यामागून कुकरची शिट्टी आणि काकूंचा आवाज येत होता. मागच्या बोळातून दोघं अनवाणी आत गेले होते. चपला पुढं होत्या, रंगवलेल्या उंबऱ्याशी, डांबरावर जोडीनं काढून ठेवलेल्या. कंपनीची एक बस आली आणि हॉर्न न वाजवता चपलांना वळसा घालून गेली.