माझ्या साळ्याचे धागे

कामाचा नव्हे, पण काम सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचा इतका राग असलेला माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हा माणूस म्हणजे माझा साळा. एसटीत फाटा यायच्या बऱ्याच आधी तो दाराशी जाऊन उभा राहतो, पाहुणा दिसायच्या आधी चहाचं आधण ठेवतो, आणि न्हाव्याकडे जाताना घरूनच केस ओले करून निघतो. एका रोवणीला त्याने बाया यायच्या आतच धानाच्या रोपांच्या पेंढ्या शेताच्या अख्ख्या बांधीभर टाकून ठेवल्या. बांधी शेजाऱ्याची होती.

पोटासाठी तो कुरखेड्याजवळच्या त्यांच्या गावातूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो, आणि उरलेल्या वेळात फुकटचं. जगभरातली माणसं मिळून चालवतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कुणीही तिचं पोट उघडून बघावं आणि सुधारावं. संगणकाला एकाच वेळी अनेक कामं करायची असली की तो कामागणिक एक 'थ्रेड' उभा करतो. तो उभा करायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, पण तेवढाही माझ्या साळ्याच्या डोळ्यात खुपला.

माझे सासरे ढिवर, तलावात जाळं टाकणारे. कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगा धागे बनवते जी. जल्दी कसे बनतीन, ते पाहून राह्यला." आमच्याकडे धागा म्हणजे कोशाचा, टसर रेशमाचा. एक दिवस आरमोरीकडचा एक विणकर पिशवीभर कोसे घेऊन दारात हजर. साळ्याने त्याला चहा पाजला, बराच वेळ थ्रेड समजावला. जाताना तो म्हणाला, "समजलं काईच नाई, पण काम मोठं दिसते." सासऱ्यांनी हे वाक्य गावभर सांगितलं.

मला त्याने पंगतीवरून समजावलं. "भाऊजी, एक जण जेवून उठला का त्याची पत्रावळ फेकतेत, जागा झाडतेत, नवी पत्रावळ मांडतेत, मंग दुसरा बसते. काऊन? तेच पत्रावळ द्या ना त्याले."

"आणि उष्टं?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. सिस्टीम सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींनीही हेच कारण देऊन त्याची सुधारणा परत पाठवली होती. आधीच्या थ्रेडचं उरलंसुरलं पुढच्याच्या हाती लागता कामा नये. पुसत बसावं तर वाचलेला वेळ पुसण्यातच जायचा.

तेवढ्यात सासरे अंथरुणाला खिळले. रोज विचारायचे, "घेतलं का रे त्यायनं?" साळा म्हणायचा, "नाई घेतलं बा." हाच प्रश्न विचारत ते गेले.

त्यानंतर कित्येक महिने साळा चहासुद्धा सांगितल्यावरच ठेवायचा. मग एकदा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "पुरी पत्रावळ काऊन पुसाची? जेथवर हात गेला तेथवरच पुसाची." बहुतेक थ्रेड म्हणे कोपऱ्यातलंच खाऊन उठतात. या वेळी मंडळींनी सुधारणा घेतली.

अशी सुधारणा घेतली की करणाऱ्याचं नाव नोंदलं जातं. बाकीचे दोन शब्दांत आटपतात. माझ्या साळ्याने आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं ऐसपैस लिहिलं होतं. बापाचं नाव काढणारी पोरं मी पुष्कळ पाहिली, पण असं अक्षरशः आणि जगभर काढणारा हा एकच. माझी छाती फुगली, आणि सासरे हवे होते असंही फार वाटलं.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी पडद्याकडे पाहत विचारलं, "मधात त्यायचं हाय?"

"हो माय."

"वाच."

त्याने वाचलं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी तोंडाने घेतलेलं नाही, अजूनही घेत नाहीत. पण आता घरी कुणीही आलं की त्या साळ्याला संगणक उघडायला लावतात, आणि पाहुण्याला म्हणतात, "मधातलं नाव तेवढं जरा मोठ्यानं वाचा जी."