‘क्लास’ला लावलेली शेपटी

अकोल्याच्या एका गोदामाच्या गेटवर कापडाचा ट्रक अडला होता, आणि त्याला अडवणारी मी होते, अमरावतीत पंख्याखाली बसून. तेव्हा मी स्वतःला फार हुशार प्रोग्रामर समजत असे. आता हे नातवंडांना सांगते, तर तीही हसतात. हसोत.

झालं असं. नांदगाव पेठच्या एका कापड युनिटसाठी मी कोड जनरेटर लिहिला होता. म्हणजे प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम. त्याला रकान्यांची नावं द्यायची, बाकीचा कोड तो स्वतः लिहितो. आपण चहा प्यायचा.

पण काही शब्द कॉम्प्युटरच्या भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात. त्यांना रिझर्व्ह्ड कीवर्ड म्हणतात. ते तुम्ही दुसऱ्या कशाला नाव म्हणून दिलेत, की कोड चालतच नाही. युनिटवाल्यांनी कापडाच्या दर्जाच्या रकान्याला नेमकं ‘क्लास’ नाव दिलेलं. जनरेटरने ते जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं आणि स्क्रीन एररने भरून गेली.

मी नियम घातला. राखीव शब्द दिसला, की त्याच्या शेवटी शेपटीसारखी एक आडवी रेघ जोडायची. सगळीकडे. कोड धावला. मालासोबत अकोल्याच्या गोदामाला जायची फाइल बनवली, माझ्याच प्रोग्रामने ती वाचून पाहिली. सगळं बरोबर! आपला पेपर आपणच तपासला की मार्क चांगलेच पडतात. मी तर साहेबांकडे पेढेही मागितले.

मग डिस्पॅचच्या गावंडे भाऊंचा फोन आला.

“मॅडम, अख्खा लॉट रिजेक्ट करून राहिले ते! क्लासच दिसून नाही राहिला म्हणतात.”

“त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असेल.”

“जुनं असो का नवं! ट्रक वापस आला तं मालक मलेच घरी बसवते. मांगं वापस आलेला एक ट्रक आधीच माह्या नावावर हाय.”

साहेब शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. “मॅडम, फाइल उघडून तं पाहा. का तेही गावंडेनंच करावं?”

उघडली. रकान्याच्या नावाला माझी रेघ लटकलेली. अकोल्याचा कॉम्प्युटर बिनशेपटीचा ‘क्लास’ शोधत होता. तो सापडेना, म्हणून त्याने दर्जाच नाही असं धरलं आणि सगळं कापड सेकंड, म्हणजे दुय्यम दर्जाचं ठरवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

रेघ फक्त कोडच्या आत हवी होती. बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये मूळ नावच जायला हवं. जनरेटरला आतलं नाव आणि बाहेरचं नाव वेगळं ठेवायला शिकवलं, फाइल पुन्हा पाठवली. संध्याकाळी ट्रक रिकामा झाला. गावंडे भाऊ कामावर टिकले. पेढ्यांचा विषय मी काढला नाही.

घरी मात्र ऐट कायम. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आतलं नाव काहीही असो, बाहेरच्याला हात लावू नये, हे मी त्यांना असं रंगवून सांगितलं, जणू शोध माझाच. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

“लग्नात आमी तुह्यं नाव बदलवलं, तवा तूच अडून बसली होती ना, घरात काई म्हणा पण मार्कशीटले हात लावू नका म्हून? मंग त्या क्लासनं तुह्यं काय घोडं मारलं होतं?”