पाटलीचा पोचा

माझ्या सासूने मला आगबोटीवर पोहोचवताना दागिन्यांनी मढवलं, ते मायेने नव्हे. आळीतल्या चार बायका गोदीपर्यंत सोबत येणार होत्या. त्यांनी आगाशीला परत जाऊन 'सुनेला लंकेची पार्वती करून धाडली' असं सांगत फिरू नये, एवढ्यासाठी. तोंडावर मी तिला आई म्हणत असे. इथे तशी सक्ती नाही.

नवरा आफ्रिकेत रेल्वेत कारकून होता. लग्नानंतर तीन महिन्यांत तो गेला आणि दोन वर्षांनी माझं तिकीट आलं. तोवर माझ्या आईच्या सोन्याच्या पाटल्या सासूच्या पेटीत पडून होत्या. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. वाडीला पाणी देताना रहाटाच्या लाकडावर एकदा तिचा हात आपटला आणि एका पाटलीला पोचा पडला. तो सोनाराकडून काढून घ्यायचं तिने कधी मनावर घेतलं नाही. लग्नात वडिलांनी त्या पाटल्या माझ्या हातांत घातल्या, आणि पंधरवड्यात सासूने उतरवून घेतल्या. "घरच्या वस्तू घरात बऱ्या," म्हणाली. सणाला सकाळी मिळत, संध्याकाळी परत जात. हातावर राहिलेला वळ चोळत मी भांडी घाशी.

निघायच्या दिवशी तिने पाटल्या, ठुशी, एकदाणी, सगळं आपणहून काढून दिलं. मी क्षणभर पाघळलेही. मग तिच्या कमरेला खोचलेला रिकामा बटवा दिसला आणि डाव कळला. सून आफ्रिकेला जाणार होती, सोनं संध्याकाळी आगाशीला परतणार होतं.

गोदीत शिरल्यावर ती माझ्या कानाशी लागली. "बाया गेल्या की आडोशाला चल आन् काढ सगळं." पण बाया कसल्या जातात? पास काढून आत आल्या होत्या, बोट डोळे भरून बघितल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. तेवढ्यात आमची रांग कस्टमच्या टेबलाशी आली. अंगावरच्या सोन्याची तिथे नोंद करायची होती, म्हणजे परतताना तेच सोनं बाहेरून आणलं असं धरून जकात लावत नसत. सासूला याची गंधवार्ता नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

"दागिने कोणाचे?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"घरचे," सासू मागून म्हणाली.

"घर बोटीत बसणार आहे का? ज्याच्या अंगावर, त्याच्या नावावर. बाई, तुम्ही सांगा."

"माझे," मी म्हणाले. हा शब्द त्या घरात आल्यापासून मी कशाबद्दलच उच्चारला नव्हता. तो सासूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निघाला.

कारकून सावकाश लिहीत गेला. ओळख पटायला काही खूण आहे का, म्हणाला. मी पाटली फिरवून पोचा दाखवला. त्यानेही बोट फिरवून पाहिलं आणि लिहून घेतलं. माझ्या आईचा हात आपटला ते सरकारी कागदावर आलं. सासू दात आवळून बघत होती. आळीतल्या बायकांसमोर तिला एक अक्षर बोलता येईना, आणि मला त्याचं मनापासून सुख झालं.

बायका बोटीकडे वळल्या तशी तिने माझं मनगट धरलं. "काढ."

"आई, आता लिहून झालंय. परत येताना हे दागिने दाखवले नाहीत तर मला धरतील."

कारकून फक्त कागद जपून ठेवा म्हणाला होता. धरण्याचं मी पदरचं घातलं. तिने मनगट सोडलं. "मग परत येशील तेव्हा त्यांच्यासकटच ये," म्हणाली. आशीर्वाद वगैरे काही नाही. मीही वाकले नाही.

चार वर्षांत तिने आळीतल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेली पाच पत्रं आली. पाचही पत्रांत पाटल्यांची चौकशी होती. माझ्या बाळंतपणानंतरच्या पत्रातसुद्धा ती होती. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

परत आलो तेव्हा नवरा सामानापाशी थांबला. मी दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन, तो कागद दाखवून बाहेर पडले. सासू कठड्याशी उभी होती. वाळली होती, पुढचे दोन दात गेले होते. मला पाहताच तिने दोन्ही हात पुढे केले. तिची नजर मला ठाऊक होती. मी दोन पावलं मागे सरले आणि पदर ओढून दोन्ही मनगटं झाकून घेतली.

तिने पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात तसेच पुढे होते.

"पोर दे गं," ती म्हणाली. "चार वर्षं वाट बघत्ये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पोर दिली. पाटल्या मात्र पदराखालीच राहू दिल्या.