"एकदम हलकं," असं मी सांगत राहिलो

सुदाम गेल्याची बातमी मला ऑफिसात, कामाच्या टेबलावरच मिळाली. शुक्रवार होता, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. फोन कमलवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. किती वाजता, कुठे, असे दोन प्रश्न मी सवयीने विचारले, उत्तरं कागदावर उतरवली आणि मग त्या कागदाचं काय करायचं ते सुचेना... त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही शाळेपासूनचे. मी वर्तमानपत्रात गेलो, त्याने चिकलठाण्यात गॅरेज टाकलं. गेल्या वर्षी माझ्या वडिलांची बंद पडलेली जीप त्याने हट्टाने खोलली. बॉडी रंगायला चितेगावला गेली आणि इंजिन त्याने नव्याने बांधलं. पिस्टन नवे, त्यांच्या रिंगा नव्या. बॉडी परत यायच्या आत त्याच्या किडन्या गेल्या आणि गॅरेज बंद झालं. इंजिन लाकडी घोडीवर ठेवून माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. पुढच्या पुलीच्या बोल्टवर त्याने स्वतःचा लांब दांड्याचा पाना अडकवला. "दर एक तारखेला पाव फेरा दे," म्हणाला. "पडून राहिलं की रिंगा धरत्यात. माणसाचं अंग धरतं ना, तसं."

पहिल्याच महिन्यात मी विसरलो. एक तारखेला डायलिसिसच्या खुर्चीवरून त्याचा फोन आला. "काय पेपरवाल्या, फिरवलं का?"

"फिरवलं."

"जड गेलं का हलकं?"

"एकदम हलकं."

खोट्या बातमीला तपशील जोडला की ती खरी वाटते, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. पुढे आठ महिने दर एक तारखेला तोच प्रश्न आला आणि मी तेच उत्तर दिलं. शेड घरापासून पंधरा पावलांवर आहे. कामं होती हे खरं. पण त्या इंजिनाकडे बघितलं की त्याचा आजार दिसायचा, हे जास्त खरं.

शेवटची भेट त्याच्या घरी झाली. पाय सुजले होते, दोन शब्दांत धाप लागत होती. बॉडी तयार झाली, असं सांगितल्यावर तो उठून बसला. "लिहून घे. बांधलेलं इंजिन इतके दिवस बसलं की एकदम चावी मारायची नाय. आत तेल पोचलेलं नसतं. एका मिनटात माझी मेहनत मातीत." मी लिहीत गेलो. जुनं ऑइल काढून नवं भरायचं. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडायचं, एक दिवस थांबायचं. मग हाताने दोन पूर्ण फेरे. मग वर तेल दिसेपर्यंत ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा. इंजिन बॉडीत बसवणं, प्लग, बॅटरी, चावी त्यानंतर. "मला खुर्चीत घालून ने तेवढं," तो म्हणाला. "पहिला आवाज ऐकायचाय." रविवार ठरला होता. तो शुक्रवारी गेला.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी स्वतः घरी आल्या. "त्यांचं काम अर्धं ठिवू नका," म्हणाल्या. कागद समोर ठेवून आम्ही ऑइल बदललं, प्लग काढले, चमच्याने ऑइल सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परत आल्या आणि मी पाना धरला. इंजिन हललं नाही. पुन्हा धरला. नाही. कागदावर पुढची ओळ माझ्याच अक्षरात होती: अडकलं तर जोर लावू नको, मला फोन कर.

"वहिनी," मी म्हणालो, "मी एकदाही फिरवलं नव्हतं. त्याला खोटं सांगत होतो."

त्या हातातला प्लग पुसत राहिल्या. "त्यांना ठावं होतं, भाऊजी."

"कसं?"

"नव्या रिंगांचं इंजिन हलकं जातंय व्हय? दोन हातांनी वढावं लागतं. पहिल्याच फोनला हसले. म्हणले, पेपरवाला फेकतोय."

"मग दर महिन्याला विचारायचा कशाला?"

"मी बी तेच म्हणलं. तर म्हणले, इचारत राहतो... एखाद्या महिन्यात लाजंल अन् फिरवंल."

त्यानंतर मी रोज सकाळी शेडमध्ये जाऊ लागलो. चमचाभर ऑइल सोडायचं, पान्यावर हाताचं वजन द्यायचं, जोर लावायचा नाही. एकोणिसाव्या दिवशी पाना दोन बोटं सरकला. मी वहिनींना फोन केला.

"जड गेलं का?" त्यांनी विचारलं.

"जड गेलं. दोन्ही हात लागले."

"मग खरं हाय," त्या म्हणाल्या.

दोन फेरे अजून पूर्ण व्हायचे आहेत. चावीला मी हात लावलेला नाही. पाना बोल्टवरच आहे. त्याच्या दांड्यावर सुदामने सायकलची ट्यूब गुंडाळली होती. त्याच्या अंगठ्याने तिथे खोल खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही. मी थोडा बाजूला धरतो.